लेख लिहून धंदा कसा वाढवायचा? पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

मी वॉटरप्रूफिंगची कामं घेतो. टेरेस, बाथरूम, पाण्याच्या टाक्या, भिंतींची ओल. या धंद्यात पावसाळ्याच्या तोंडावर सगळेच जाहिरात करतात. पेपरात पत्रकं टाकतात, रिक्षामागे बोर्ड लावतात आणि ‘दहा वर्षांची गॅरंटी’ असं ठळक अक्षरांत छापतात. घरात पाणी टपकत असलेल्या माणसाला त्यातला कोण कामाचा आणि कोण बोलबच्चन हे कळायला काहीच मार्ग नसतो. मी पत्रकं बंद केली आणि गळतीवर लेख लिहायला लागलो: वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीत, सोसायट्यांच्या वार्षिक अंकांत आणि माझ्या वेबसाइटवर. आता येणाऱ्या फोनपैकी बरेचसे ‘तुमचा लेख वाचला’ असे सुरू होतात आणि अशा फोनवर घासाघीस कमी होते. नर्सरीवाले, सोलरवाले, लाकडी घाण्याचं तेल विकणाऱ्या एक ताई असे ओळखीचे लोक अधूनमधून विचारतात की हे जमवायचं कसं. त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे एकत्र लिहितोय.

हा उद्योग मराठीला नवा नाही. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, ते कारखान्याचं मुखपत्र म्हणून. शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली पुढे त्याचं सगळ्या महाराष्ट्राने वाचावं असं मासिक झालं. नांगर विकणाऱ्या कारखान्याचं नाव त्यामुळे नांगराशी काडीचा संबंध नसलेल्या घरांतही पोचलं. आपल्याला मासिक काढायचं नाही. वर्षाला चार-पाच चांगले लेख पुरतात.

१. आधी बघा, तुम्हाला हे करायला परवानगी आहे का

बांधकाम, शेतीमाल, दुरुस्ती, दुकानदारी, प्रवास, शिकवण्या अशा धंद्यांना फारशी आडकाठी नाही. काही व्यवसायांना मात्र आहे. वकिलांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार काम मिळवण्यासाठी जाहिरात करता येत नाही. डॉक्टरांवर २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेचं बंधन आहे. लोकांच्या आरोग्याविषयी स्वतःच्या नावाने माहिती लिहायला हरकत नसते, पण ‘आमच्याकडे या’ असा सूर लागला की तक्रार होऊ शकते. सीएंनाही त्यांच्या संस्थेचे नियम आहेत. तुम्ही यांपैकी असाल तर पुढचं वाचण्याआधी आपल्या परिषदेचे नियम वाचा.

खाण्यापिण्याचं काही विकत असाल तर एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा: रोग बरा होतो असं लिहायचं नाही. ‘आमच्या तेलाने मधुमेह जातो’ हे वाक्य लेखात असो की व्हॉट्सअ‍ॅपच्या मजकुरात, ते अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दाव्यांच्या नियमांत बसत नाही. औषध म्हणून तसा दावा केलात तर १९५४ चा जादुई उपचारांविरुद्धचा कायदा आहेच, आणि त्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या ताईंना मी म्हटलं, घाण्याचा वेग किती, दाणे कुठून आणता, तेलाला फेस का येतो, हे लिहा. तेवढ्याने लोक येतात.

२. फोनवर येणारे प्रश्न वहीत उतरवा

विषय सुचत नाही अशी तक्रार नवीन माणूस हमखास करतो. विषय सुचवायचे नसतातच. गिऱ्हाईक रोज फोनवर विषय देत असतं. महिनाभर फोनजवळ एक वही ठेवा आणि प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहा. आपल्या शब्दांत नाही, हे महत्त्वाचं आहे. मी ‘पॅरापेट जॉइंट’ म्हणतो, गिऱ्हाईक म्हणतं ‘गच्चीच्या कठड्याच्या खालून ओल येते’. मथळा कठड्याचाच हवा.

माझ्या वहीतले काही नमुने: ‘वरच्या मजल्यावाल्याच्या बाथरूममधून गळतंय, खर्च कोणी करायचा?’ ‘मागच्या वर्षीच कोबा केला, तरी का गळतं?’ ‘भिंतीला पांढरी बुरशी आली आहे, ती खरवडली तर चालेल का?’ यातला शेवटचा प्रश्न बघा. ती बहुतेक वेळा बुरशी नसतेच, भिंतीतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन सुकलेले असतात. एवढ्या एका गैरसमजावर पाचशे शब्दांचा उत्तम लेख होतो.

एका लेखात एकच प्रश्न घ्यायचा. ‘वॉटरप्रूफिंग: संपूर्ण माहिती’ असला लेख कोणी शेवटपर्यंत वाचत नाही आणि संपादकही घेत नाही.

ज्यांच्याकडे अजून फोनच येत नाहीत त्यांनी दुकानात येणाऱ्यांचं बोलणं ऐकावं. गूगलवर विषयाचे पहिले दोन शब्द टाकले की खाली लोक काय शोधतात त्याची यादी उघडते, तीही बघावी. एकदा देवनागरीत टाका आणि एकदा रोमन लिपीत. मराठी माणूस मोबाइलवर ‘स्लॅब गळती उपाय’ दोन्ही लिप्यांत शोधतो आणि दोन्ही याद्या सारख्या नसतात.

३. तारीख उलटी मोजा

लेख छापून येण्याची वेळ ही लेखाइतकीच महत्त्वाची असते. मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे १ जूनला केरळात आणि ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोचतो. टेरेसचं काम व्हायचं तर त्याआधी स्लॅब कोरडा हवा, कारागीर मोकळे हवेत आणि सोसायटीची सभा होऊन ठराव झालेला हवा. म्हणजे माझा लेख एप्रिलच्या मध्याला वाचकाच्या हातात पडायला हवा आणि संपादकाकडे मार्चमध्ये. जूनमध्ये छापून आलेला लेख लोक कौतुकाने वाचतात, पण काम देऊन उपयोग नसतो.

तुमच्या धंद्याचा हंगाम असाच उलटा मोजा. नर्सरीवाल्याने पावसाळी लागवडीवर मेमध्ये लिहावं. फराळाचा धंदा असेल तर भाजणी आणि तेलावर गणपतीच्या सुमारास लिहिलेलं दिवाळीपर्यंत कामी येतं. दिवाळी अंकात लिहायचं असेल तर संपादकांशी पावसाळा सुरू होतानाच बोलून घ्या. दसऱ्याला फोन करणाऱ्याचा लेख पुढच्या वर्षीच्या फाइलीत जातो.

ऐन हंगामात वेगळा लेख लागतो. जुलैत मी ‘आता काय करू नये’ यावर लिहितो: ओल्या भिंतीला रंग लावू नका, धो धो पावसात केमिकल मारणाऱ्याला घरात घेऊ नका, तात्पुरती ताडपत्री कशी बांधायची. त्यातून त्या महिन्यात एक पैशाचं काम मिळत नाही. पण ऑक्टोबरमध्ये येणारे फोन याच लेखाची आठवण काढतात.

४. कुठे छापायचं

नवखा माणूस थेट मोठ्या दैनिकाच्या मुख्य अंकाकडे बघतो. तिथे जागा मिळणं कठीण, आणि मिळाली तरी नागपूरच्या वाचकाला साताऱ्याच्या वॉटरप्रूफिंगवाल्याचा काय उपयोग? जिल्हा पुरवणी, शहरापुरतं साप्ताहिक, घर किंवा वास्तू विषयाचं आठवड्याचं पान, इंजिनिअर आणि बिल्डरांच्या संघटनेचं पत्रक, ज्ञातिसंस्थेचं मासिक, ज्येष्ठ नागरिक संघाचा अंक अशा ठिकाणी वाचक कमी असतात, पण आपल्या हद्दीतले असतात. ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकाला कमी लेखू नका. सोसायटीचे सेक्रेटरी बहुतेक तिथेच सापडतात.

शेतीशी संबंधित धंदा असेल तर शेतीची दैनिकं आणि मासिकं आहेत. तिथले वाचक अंक जपून ठेवतात, कात्रणं काढतात. पण तिथे हवेत बाण मारून चालत नाही. एकरी किती, कोणत्या जमिनीत, खर्च किती, हे आकडे नसतील तर लेख परत येतो.

आता पैशांचा मुद्दा. वर्तमानपत्रात दोन दारं असतात आणि ती वेगळी ठेवायला शिका. संपादकीय विभाग लेख निवडतो, त्याचे पैसे तुम्ही देत नाही. जाहिरात विभाग जागा विकतो आणि तिथे लेखासारखा दिसणारा मजकूर चौरस सेंटिमीटरच्या दराने छापून मिळतो. त्यावर ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असायलाच हवं. तसा घेण्यात गैर काही नाही, पण माझं मत विचाराल तर सुरुवातीला घेऊ नये. त्या शब्दाखालचं वाचक निम्म्या विश्वासाने वाचतो आणि पैसे मात्र पूर्ण जातात. ‘लेख बातमी म्हणून लावतो, वर काही लिहिणार नाही, पैसे रोख द्या’ असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. ती पेड न्यूज झाली. वाचकाला कळलं की तुमचे आधीचे खरे लेखही खोटे ठरतात.

५. लिहायला बसा

इथे जरा थांबूया, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. शाळेतल्या निबंधाची सवय हाताला लागलेली असते. पहिला मसुदा साधारण असा येतो:

‘आजच्या धावपळीच्या युगात स्वतःचं घर हे प्रत्येकाचं स्वप्न असतं. मात्र पावसाळा सुरू झाला की गळतीची समस्या डोकं वर काढते. त्यामुळे योग्य वेळी योग्य तज्ज्ञांचा सल्ला घेणं ही काळाची गरज आहे.’

तीन वाक्यांत वाचकाला त्याला ठाऊक नसलेली एकही गोष्ट मिळाली नाही. हाच लेख असा सुरू करता येतो:

‘टेरेसवर पाणी साचत नाही, तरी खालच्या खोलीचा कोपरा ओला होतो. अशा वेळी स्लॅब फोडण्याआधी कठड्याचा बुंधा बघा. स्लॅब आणि कठडा जिथे मिळतो तिथली सिमेंटची गोलाई सुटली असेल, तर पाणी तिथून आत शिरतं आणि भलतीकडेच उतरतं. नखाने दाबून बघा. भुगा निघाला तर जागा सापडली.’

आता वाचक उठून गच्चीवर जातो. लेखाने तेवढं केलं की पुरे.

‘सगळंच सांगून टाकलं तर आम्हाला कोण बोलावणार?’ हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. माझा अनुभव उलटा आहे. वाचून स्वतःच दुरुस्ती करणारा माणूस तसाही तुम्हाला बोलावणार नव्हता. बाकीच्यांना वाचून एवढंच कळतं की काम वाटलं तितकं सोपं नाही आणि या माणसाला त्यातलं समजतं. मी एका लेखात टेरेसची चाचणी घरच्या घरी कशी करायची ते पूर्ण लिहिलं: पावसाळी पाइपांची तोंडं गोणपाटाने बंद करायची, दोन इंच पाणी साठवायचं, कठड्यावर पाण्याच्या पातळीची खूण करायची, २४ ते ४८ तास ठेवायचं आणि खालच्या छतावर ओलीचे डाग कुठे उमटतात ते खडूने आखायचं. स्लॅबचा गिलावा सुटलेला असेल किंवा सळ्या दिसत असतील तर हा प्रयोग करू नका, आधी इंजिनिअरला दाखवा, हेही लिहिलं. त्यानंतर फोन करणारे लोक खडूने आखलेल्या डागाचा फोटो काढूनच पाठवायला लागले. पाहणीला जाण्याआधीच निम्मं निदान झालेलं असतं. माझा वेळ वाचला तो वेगळाच.

भिंतीच्या ओलीसाठीही अशीच एक साधी परीक्षा आहे. ओलसर भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवायचा आणि एक-दोन दिवसांनी बघायचं. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतली दमट हवा भिंतीवर गारठते आहे, आणि तिथे वॉटरप्रूफिंग नको, खिडकी उघडा. हे वाक्य लिहिताना हात थरथरला तरी लिहायचं. ‘तुम्हाला माझी गरज नाही’ असं छापून सांगणाऱ्या माणसावर लोक विश्वास ठेवतात.

लिहिताना आणखी काही गोष्टी सांभाळा:

लांबी पाचशे ते सातशे शब्द. जिल्हा पुरवणीत याहून जास्त जागा मिळत नाही आणि जास्त पाठवलं तर उपसंपादक कापतो. तो कुठून कापेल ते तुमच्या हातात नसतं, बहुधा शेवटूनच कापतो. म्हणून महत्त्वाचं वर घ्या.

दर लिहा, निदान दर कसा ठरतो ते तरी लिहा. चौरस फुटाचा भाव जागेप्रमाणे का बदलतो, जुना कोबा काढायचा असेल तर खर्च का वाढतो, मलबा खाली उतरवून वाहून न्यायचे पैसे कोण देतं. पैशांबद्दल कोणीच स्पष्ट बोलत नाही म्हणूनच लोक ते आधी शोधतात.

ब्रँडचं नाव घेताना सावध राहा. अमुक कंपनीचं केमिकल चांगलं म्हणालात आणि त्या कंपनीचे तुम्ही डीलर असाल, तर तसं लेखातच सांगा. अमुक कंपनीचं वाईट आहे, असं तर लिहूच नका. प्रतिस्पर्ध्याला टोमणे मारणारा लेख वाचताना वाचकाला तुमच्याच कामाची शंका येते, आणि वर वकिलाची नोटीस येऊ शकते ती वेगळी.

लेखाच्या आत स्वतःचं नाव, दुकानाचं नाव, ‘आमच्याकडे’ हा शब्द एकदाही येऊ देऊ नका. त्या सगळ्याला एकच जागा असते: लेखाच्या शेवटची परिचयाची ओळ. ‘लेखक सातारा जिल्ह्यात वॉटरप्रूफिंगची कामं करतात’ आणि पुढे फोन किंवा ईमेल. एवढंच. ‘सुप्रसिद्ध’, ‘नामवंत’, ‘अग्रगण्य’ असं काही लावलंत तर संपादक ती ओळच उडवतो.

झाल्यावर घरातल्या कोणालातरी मोठ्याने वाचायला सांगा. वाचणारा जिथे अडखळेल तिथलं वाक्य मोडून पुन्हा लिहा. टाइप करायचा कंटाळा असेल तर मोबाइलच्या कीबोर्डवरचं माइकचं बटण दाबून मराठीत बोला. आता ते बऱ्यापैकी बिनचूक उतरवतं. बोलून लिहिलेल्याला एक फायदा असतो, ‘काळाची गरज’ तोंडातून सहसा निघत नाही.

एआयकडून लेख लिहून घ्यायचा मोह होईल. शुद्धलेखन तपासून घ्या, मथळे सुचवायला सांगा, हरकत नाही. पण सगळा लेख त्याच्याकडून घेतलात तर गुळगुळीत वाक्यं मिळतील आणि कठड्याच्या बुंध्यातला भुगा मिळणार नाही. शिवाय रोज असे पन्नास मजकूर येणाऱ्या उपसंपादकाला ते दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

६. पाठवण्याआधी जवळ काय काय हवं

युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की अगम्य अक्षरं दिसतात. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेत असाल तर ‘युनिकोडमध्येच द्या’ हे आधी सांगा. सोबत पीडीएफही जोडा, म्हणजे जोडाक्षरं कशी दिसायला हवीत ते त्यांना कळतं.

दोन-तीन फोटो, स्वतः काढलेले, मूळ आकाराचे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो दाबला जातो आणि छपाईत फुटतो. ईमेलने पाठवा, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून. गिऱ्हाइकाच्या घराचा फोटो असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या. मेसेजवर ‘हो, वापरा’ एवढं पुरतं. पाटीवरचं नाव आणि फ्लॅट नंबर झाका. गूगलवरून उचललेला फोटो नको, तो कोणाचातरी असतो.

धंद्याचे कागद: दुकान नोंदणी किंवा उद्यम नोंदणी, जीएसटी असेल तर क्रमांक, खाद्यपदार्थ असतील तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) चौदा आकडी क्रमांक. संपादक हे सहसा मागत नाही. पण लेख वाचून येणारं मोठं गिऱ्हाईक, सोसायटी किंवा शाळा, पहिल्याच भेटीत कोटेशन आणि हे कागद मागतं. तेव्हा शोधाशोध नको.

तुमची दोन ओळींची माहिती आणि एक साधा फोटो. लग्नातला नको.

७. संपादकाला पत्र

पुरवणीच्या पानावर खाली ईमेल छापलेला असतो. नसेल तर कार्यालयात फोन करून ‘घर-बांधकामाचं पान कोण बघतं?’ एवढं विचारा. मग छोटं पत्र:

‘विषय: लेख – पावसाआधी गच्ची कशी तपासावी (५८० शब्द, ३ फोटो)

सस्नेह नमस्कार.
मी सातारा परिसरात वॉटरप्रूफिंगची कामं करतो. टेरेस गळतंय की कठड्यातून पाणी येतंय हे घरच्या घरी कसं ओळखावं, यावर लेख सोबत जोडला आहे. सोसायट्यांची कामं मेमध्ये होतात, म्हणून एप्रिलच्या मध्यापर्यंत आला तर वाचकांना उपयोगी पडेल. लेख इतरत्र दिलेला नाही. लागेल तसा संपादित करावा.
आपला,’

‘इतरत्र दिलेला नाही’ हे वाक्य खरं असेल तरच लिहा. एकच लेख एकाच वेळी तीन ठिकाणी पाठवणं ही नवख्यांची आवडती युक्ती असते आणि दोन पेपरांत तोच लेख एकाच आठवड्यात आला की दोन्ही दारं बंद होतात. दहा-बारा दिवस वाट बघा, एकदा नम्रपणे विचारा, उत्तर नाही आलं तर ‘लेख दुसरीकडे देत आहे’ असं कळवून मोकळे व्हा. जाहिरातीची जागा घेतो म्हणून लेख लावा, असं संपादकाला कधीही सुचवू नका.

हक्कांचं एवढं माहीत असू द्या: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिणारा हाच सहसा पहिला मालक असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणून कोणी एखाद्या फॉर्मवर सही मागितली तर वाचून करा आणि ‘छापून आल्यावर माझ्या वेबसाइटवर टाकू शकतो ना?’ हे ईमेलवरच विचारून ठेवा. बहुतेक जण हो म्हणतात.

८. छापून आलेलं स्वतःच्या जागी आणा

पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. वेबसाइटवरचा लेख पुढच्या वर्षीही सापडतो. साधी वेबसाइट पुरते: वेबसाइटच्या नावाच्या नोंदणीचे वर्षाला हजार-पंधराशे, वर होस्टिंग, म्हणजे ती इंटरनेटवर ठेवायच्या जागेचं भाडं. तीही झेपत नसेल तर गूगलवरचं धंद्याचं मोफत प्रोफाइल तरी नीट भरा आणि लेखाचा सारांश तिथे टाका.

लेखाचा पत्ता, म्हणजे लिंक, रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोकांना तो व्हायरस वाटतो. मजकूर अर्थातच मराठीत. फोन नंबर असा टाका की बोट लावलं की थेट फोन लागेल. ‘अमुक दैनिकात पूर्वप्रसिद्ध’ ही ओळ आणि तारीख खाली द्या. कात्रणाचा नुसता फोटो टाकू नका, फोटोतली अक्षरं शोधून येणाऱ्याला सापडतीलच असं नाही.

इथे एक मोठा सापळा आहे. ‘तुमचा लेख दोनशे साइटवर टाकून देतो, गूगलवर पहिल्या पानावर आणतो’ असे फोन येतील. हा धंदा एकेकाळी खरोखर चालायचा. लेखांची कोठारं असलेल्या साइट होत्या, तिथे कसाबसा मजकूर टाकायचा आणि खाली आपली लिंक द्यायची. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने ‘पांडा’ नावाचा बदल केला आणि अशा साइट शोधात खाली गेल्या. मार्च २०२४ च्या नियमांत तर शोधात वर येण्यासाठी ढिगाने बनवलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, सरळ स्पॅममध्ये धरला आहे. पैसे देऊन लिंक घेतलीच तर तिला ‘प्रायोजित’ अशी खूण लावावी लागते. हे सगळं लक्षात ठेवायचं नसेल तर एवढंच करा: असा फोन आला की ‘नको’ म्हणा.

गूगल सर्च कन्सोल मात्र जोडून घ्या. फुकट आहे. लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले ते दिसतं, मागच्या १६ महिन्यांचं. मला तिथेच कळलं की ‘वरच्या फ्लॅटमधून गळती’ हे लोक सर्वांत जास्त शोधतात. पुढचा लेख आयता मिळाला.

९. फोन आल्यावर

लेख वाचून फोन करणाऱ्याला पहिल्या मिनिटात दर सांगून टाकू नका आणि ‘उद्या येतो’ असंही नको. त्याने लेखात सांगितलेलं करून पाहिलं का ते विचारा, डागाचा फोटो मागवा. ‘कुठे वाचलंत?’ हा प्रश्न न चुकता विचारा आणि वहीत नावापुढे लिहा. हेच तुमचं मोजमाप. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर लेबल लावायची सोय आहे, प्रत्येक लेखाचं एक लेबल केलं की हंगामाच्या शेवटी कोणत्या लेखाने कामं आणली ते दिसतं. लाइक मोजत बसू नका. माझ्या सर्वांत जास्त शेअर झालेल्या लेखातून जवळपास काहीच काम आलं नाही, तो घराच्या रंगांवर होता. ज्येष्ठ नागरिक संघाच्या अंकातल्या छोट्या लेखातून सोसायट्या आल्या.

पहिल्या लेखानंतर आठवडाभर फोन वाजला नाही तर गडबडून पत्रकं छापायला जाऊ नका. गळती असलेला माणूस कात्रण फ्रिजवर लावून ठेवतो आणि सोसायटीची सभा झाली की फोन करतो. लेखात फोन नंबर कायमचा द्या. दर वर्षी सिम बदलणाऱ्यांनी आधी ती सवय सोडावी.

आणि दर वर्षी फेब्रुवारीत वेबसाइटवरचे जुने लेख उघडा. सिमेंटचे, केमिकलचे, मजुरीचे दर बदललेले असतात. ते दुरुस्त करा, ‘सुधारित’ म्हणून नवी तारीख टाका, आणि वर्षभरात वहीत जमलेल्या प्रश्नांपैकी एखादा जुन्या लेखात बसत असेल तर तिथेच दोन परिच्छेद वाढवा.